दिवाळीची रद्दी, मे महिन्याची मौज

भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि चिवड्याच्या डब्याचा तळ दिसू लागला, की घरोघरी एक नवा उत्साह संचारतो. तो असतो आवराआवरीचा. आकाशकंदील खाली उतरतो, मिठाईची रिकामी खोकी दाराबाहेर जातात, तेलकट पणत्यांची रवानगी कचऱ्याच्या डब्यात होते आणि दोन दिवसांत घर कसे लखलखीत दिसू लागते. भगिनींनो, यंदा ही आवराआवर करताना जरा हात आखडता घ्या, एवढे सांगण्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे.

तुम्ही म्हणाल, या बाईंना दिवाळीत मे महिना कुठून आठवला? अहो, आठवण दिवाळीतच व्हायला हवी. एप्रिलमध्ये परीक्षा संपते, पहिले चार दिवस मुले उशिरापर्यंत झोपतात, मग दोन दिवस आत्याकडे किंवा मावशीकडे जातात, आणि एका दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, आपल्या पदराला धरून प्रश्न येतो, "आई, आता मी काय करू?" त्या घटकेला घरात धड एक पुठ्ठा सापडत नाही, सुतळीचा तुकडा सापडत नाही, डिंकाची बाटली कधीच वाळून खडखडीत झालेली असते. मग सापडते काय? मोबाइल. तो हातात पडला की घर शांत होते, हे खरे. पण ती शांतता कसली असते, ते आपल्याला ठाऊक आहे.

काही हौशी मंडळी बाजारात जाऊन हस्तकलेचे तयार संच आणतात. त्यात सारे कापून, भोके पाडून, आकडे घालून दिलेले असते. मुलाने एकाला एक चिकटवायचे, की मोर तयार! अर्ध्या तासात मोर होतो आणि अर्ध्या तासाने कंटाळाही येतो. कारण त्या मोरात मुलाला ठरवण्यासारखे काही उरलेलेच नसते. रिकाम्या खोक्याचे तसे नाही. खोके मुलाकडे पाहत असते, "बोल, माझे काय करतोस?"

तेव्हा मे महिन्याची बेगमी आजपासून करू या. पापड-कुरडयांची बेगमी आपण उन्हाळ्यात करतो, ही उन्हाळ्यासाठी.

काय ठेवायचे? मिठाईची आणि सुक्या मेव्याची खोकी, त्यांतले सोनेरी कागद आणि वाट्यांसारखे छोटे साचे. घरबसल्या मागवलेल्या वस्तूंबरोबर येणारी तपकिरी खोकी, त्यांतले एक तरी मूल मावेल एवढे मोठे. आकाशकंदिलाचा उरलेला पतंगी कागद, जिलेटिनचे तुकडे, झिरमिळ्या. कंदिलाच्या सांगाड्याच्या बांबूच्या काड्या; मात्र त्यांची टोके पॉलिश पेपरने घासून ठेवा, नाहीतर बोटात कूस जाते. मातीच्या पणत्या गरम पाण्यात साबण टाकून रात्रभर बुडवाव्या, घासून उन्हात वाळवाव्या. दसऱ्याला वाटलेले सोने अजून देवघरात असेल, तर त्यातली धड पाने जुन्या जाड पुस्तकात दाबून ठेवा. (बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने मिळतात. आपल्या कामाला दोन्ही चालतात.) रांगोळीचे उरलेले रंग, सुतळी, बटणे, चिंचोके, एका बाजूने कोरे असलेले कागद, सारे एका खोक्यात.

आणि काय ठेवायचे नाही? फटाक्यांची टरफले आणि न उडालेले फटाके मुळीच ठेवू नका, त्यात दारू उरलेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हल्ली सेलवर चालणाऱ्या पणत्या पुष्कळ घरांत लागतात. त्यांच्या पोटात बटणासारखा चपटा, चकचकीत सेल असतो. तो लहान मुलाने गिळला आणि घशाखाली अडकला, तर दोन तासांतदेखील अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. म्हणून तसल्या पणत्या खेळाच्या खोक्यात नकोत. आणि गिळल्याचा नुसता संशय आला, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तीन वर्षांखालचे भावंड घरात असेल, तर चिंचोके, मणी, बटणे यांची बरणी वेगळी आणि उंचावर ठेवावी.

टाकाऊ वस्तूंवर मुले वाढवण्याची ही कल्पना माझी नव्हे, बरे का. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती खेड्यातल्या मुलांना कुठून मिळावी? तेव्हा ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी आजूबाजूला पाहिले. शिंपले, खडे, बिया, पाने, माती, यांचीच साधने झाली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्यानंतर अरविंद गुप्ता नावाचे एक इंजिनिअर पुण्यातल्या कारखान्यातून रजा काढून १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून मुलांना त्रिकोण-चौकोन करायला शिकवले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा आपल्या माळ्यावरचे खोके पाहून कोणी नाक मुरडले, तर ही नावे खुशाल सांगावी.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. सर्वांत आधी खळ, कारण चिकटवायला काही नसेल तर सारे अडते. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. एक वाटी पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन खळ चकचकीत दिसू लागली की उतरवा. ही फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात, त्याने कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, तो मुलांच्या खळीत घालू नये. खळ शिळी झाली तर फेकावी, मैदा काही सोन्याचा नाही. गॅसपाशी आपण उभे राहावे, कालवणे मात्र मुलाकडे द्यावे. गुठळ्या राहतील. राहू द्या.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ठसे हा सर्वांत सोपा खेळ. भाजी चिरताना भेंडीची देठाकडची बाजू दोन बोटे लांब ठेवून कापा. जुन्या फडक्याची चौपदरी घडी बशीत ठेवून तीवर रंग ओता, म्हणजे ठसेपेटी झाली. भेंडी दाबली की कागदावर पाच पाकळ्यांचे फूल उमटते. मग कोबीचा तुकडा, अर्धा बटाटा, सिमला मिरची, हे सारे आपोआप येते. कुणी विचारील, "यात शिकण्यासारखे काय?" मुलाकडेच पाहा. किती दाबले म्हणजे फूल फुटते आणि किती दाबले म्हणजे चिखल होतो, हे त्याचे बोट दहाव्या ठशाला शिकलेले असते. पुढे हेच बोट पेन्सिल धरणार आहे.

त्याच वयाला पणतीचे कासव. पणती पालथी घातली की पाठ तयार! पुठ्ठ्याचे चार पाय, एक डोके आणि इवलीशी शेपटी खळीने आतल्या कडेला चिकटवायची. रांगोळीचा रंग खळीत कालवून पाठीवर चौकटी. घरात पंधरा पणत्या असतील तर पंधरा कासवे होतील आणि त्यांची शर्यतही लागेल, कोणीही न हलणारी. मुलांना त्यात काही गैर वाटत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना जादू आवडते. स्वयंपाकघरातली जादू हळदीची. चमचाभर हळद पाव वाटी पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने जाड चित्रकलेच्या कागदावर सारवा. कागद वाळला की पिवळाधमक होतो. आता कपडे धुण्याची साबणवडी थोड्या पाण्यात घोळवा आणि ते पाणी बोटावर घेऊन कागदावर चित्र काढा. रेघ लालभडक उमटते! लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. आजी घरात असतील तर त्या लगेच सांगतील, "अगं, मुरगळलेल्या पायाला आम्ही हळद-चुन्याचा लेप लावतो, तोही असाच लाल होतो." साबण आणि चुना दोन्ही क्षारधर्मी, हळदीला क्षार भेटला की ती लाजते, आंबट भेटले की पूर्वपदावर येते. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीपासूनच होते, हेही याच ओघात मुलीला कळते. कामानंतर हात नीट धुवावे आणि साबणाचे बोट डोळ्याला लागू देऊ नये. हळदीचे डाग पडतात, म्हणून अंगावर जुना सदरा असावा.

आता दसऱ्याचे सोने बाहेर काढा. कंदिलाच्या पतंगी कागदाचा गडद निळा किंवा जांभळा तुकडा पुठ्ठ्यावर पसरा, त्यावर आपट्याची पाने मुलाला हवी तशी मांडू द्या आणि वरून जुन्या फोटोफ्रेमची काच ठेवा. (काच आपण ठेवावी आणि तिच्या कडांना चिकटपट्टी लावावी.) हे सारे गॅलरीतल्या कडक उन्हात चार-पाच दिवस राहू द्या. पाने उचलली की खाली मूळचा गडद रंग आणि भोवती उडालेला फिका, असे हुबेहूब पानांचे चित्र मिळते. रंग पक्का असेल तर आणखी काही दिवस लागतील. हे चित्र ऊन काढते, आपण फक्त वाट पाहायची. रोज सकाळी उठून "झालं का?" म्हणून गॅलरीत धावणारे मूल पाहिले, की वाट पाहणे हाही एक खेळ आहे, हे आपल्याला नव्याने कळते. एक बोट फिरवताच चित्र बदलण्याची सवय लागलेल्या मुलांना तर तो मुद्दाम द्यावा.

आमरसाचे दिवस आले की कोयी टाकू नका. हापूसची कोय तशी टकली. रायवळ आंब्याच्या कोयीला भरपूर दोरे असतात. ती घासून धुवावी, चार-पाच दिवस उन्हात वाळवावी आणि जुन्या दात-ब्रशने तिचे केस विंचरावे. मग डोळे काढा, नाक काढा. कोणी दाढीवाले आजोबा होतात, कोणी झिपरी मुलगी. माझ्या नातीने मागच्या मे महिन्यात अकरा कोयींचे एक कुटुंब केले होते. त्यात दोन आज्या होत्या आणि दोघींचे पटत नव्हते. का पटत नव्हते, ते मी विचारले नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलांना टिकाऊ काहीतरी करून दाखवावेसे वाटते. त्यांना कागदाचा लगदा द्यावा. पूर्वी घराघरांत कागद भिजवून, कुटून, त्यात वाटलेल्या मेथ्या घालून टोपल्या लिंपत असत. त्यात कोरडे सामान राही. तीच रीत. तीन-चार वर्तमानपत्रांचे बोटभर तुकडे करा. फाडायला मुलांना सांगावे लागत नाही. ते रात्रभर पाण्यात भिजवा. दोन मोठे चमचे मेथ्या वेगळ्या भिजवून वाटा. त्यांचा बुळबुळीतपणाच लगदा धरून ठेवतो. सकाळी कागद हाताने कुस्करून किंवा मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर फिरवून पिळून घ्या आणि मेथ्या घालून कणकेसारखा मळा. वाटी पालथी घालून तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणा आणि अर्धे बोट जाडीचा लगदा थापत जा. मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत वाटी सुटून येते. हेच काम पावसाळ्यात केले तर बुरशी धरते. म्हणून हे अस्सल उन्हाळी काम. या वाटीत खाण्याचे काही ठेवू नये. वर्तमानपत्राच्या शाईमुळे त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावले आहे. पिना, बटणे, नाणी यांना वाटी छान.

या लगद्याच्या वाटीवरून एक हकीकत सांगते. आमच्या शेजारी एक सहा वर्षांचा मुलगा राहतो. त्याच्या शाळेने सुट्टीत आइस्क्रीमच्या काड्यांचे घर करून आणायला सांगितले होते. वडील मोठे कलावंत हाताचे. त्यांनी दोन रात्री जागून असे काही घर केले, की खिडक्या उघडत-मिटत होत्या. घराला पहिले बक्षीस मिळाले. त्यावर नाव अर्थात मुलाचे. सारे आनंदले. पुढल्या सुट्टीत मात्र हा मुलगा कात्रीला हात लावीना. कागद दिला तर म्हणे, "मला येत नाही. बाबा छान करतात." चित्र काढ म्हटले तरी तेच, "मला येत नाही." वडील बिचारे बुचकळ्यात पडले. आपण तर सारे प्रेमाने केले, मग असे का व्हावे? पण मुलाने त्या बक्षिसातून एकच अर्थ काढला होता, की घरी आणण्याजोगे काम बाबांच्या हातून होते, आपल्या हातून नव्हे.

त्या मे महिन्यात त्याची आजी गुहागरकडून आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती, डोळ्यांना धड दिसत नव्हते. तिने एक दिवस रद्दी पुढे ओढली आणि म्हणाली, "बाळा, माझा चष्मा रोज हरवतो. त्याला एक टोपली करायची आहे, पण मला मेलीला दिसत नाही. एवढं फाडून देशील?" मुलाने फाडून दिले. "आता हे कुठवर थापलं गेलंय, सांगशील? इथं पातळ आहे का रे?" त्याने बोट लावून सांगितले, मग स्वतःच थापले. टोपली एका बाजूला कलली होती आणि तिच्या काठाला मुठीएवढा फुगवटा होता. आजीने ती उशाशी ठेवली आणि रात्री चष्मा तीत ठेवताना सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "आता सापडेल हो बाई." शस्त्रक्रिया झाली, तिला चांगले दिसू लागले, तरी टोपली तीच आहे. आणि तो मुलगा? त्याने त्या सुट्टीत आणखी चार टोपल्या केल्या. एक आमच्याकडे आहे, किल्ल्या ठेवायला.

सांगायचे ते एवढेच. मुलाला आपल्या कौशल्याची गरज असते, त्यापेक्षा आपल्याला त्याची गरज आहे हे कळण्याची गरज अधिक असते. आजीला खरोखरच दिसत नव्हते. आपल्याला दिसते, म्हणून आपले काम अवघड. कडा वाकडी दिसते आणि हात शिवशिवतो. तो हात आवरावा. मुलाने विचारले तर धरून दाखवावे, दाखवून झाल्यावर सोडून द्यावे. "किती सुंदर!" असे उगीच म्हणू नये, मुले फसत नाहीत. त्याऐवजी, "हे तू कसं जोडलंस?" असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. आणि झालेली वस्तू वापरावी. वापरलेल्या वस्तूइतकी शाबासकी दुसरी नाही.

मोठ्या खोक्याबद्दल मी काही सांगणार नाही. ते दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवा आणि बाजूला व्हा. त्याची एस.टी. होईल, दवाखाना होईल, गुहा होईल. दारे-खिडक्या कापायला चाकू लागेल, तो आपण चालवावा. पण खिडकी कुठे, ते गाडीचा मालक ठरवील.

शेवटी एक असा उद्योग, ज्याला खळही लागत नाही. गच्चीवर किंवा अंगणात मातीने भरलेल्या कुंडीत कंदिलाची सर्वांत सरळ काडी उभी रोवा आणि सकाळपासून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सावली सकाळी लांब, दुपारी आखूड, हे तर दिसेलच. पण आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोन दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत बुडतो. मे महिन्यातला मात्र आपला हक्काचा. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास येतो, मुंबईत १५ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. पुण्या-मुंबईकडे साडेबाराच्या सुमारास आणि नागपुरात त्याहून वीसेक मिनिटे आधी, सरळ उभ्या काडीची सावली नाहीशी होते. डोक्यावर टोपी घालून दोन मिनिटे बाहेर जावे, पाहावे आणि परत यावे. आपली स्वतःची सावली पायांखाली शोधणारी मुले पाहण्यासारखी असतात.

नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना वाटेल, एवढा वेळ आणायचा कुठून? रोज नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास पुरे, आणि तो आईनेच द्यावा असेही नाही. खळ बाबांनाही शिजवता येते. कामापूर्वी जमिनीवर जुनी चादर अंथरावी आणि पसारा तिच्याबाहेर जाऊ नये, एवढा एकच नियम करावा. संपल्यावर चादरीची चार टोके मुलांनीच उचलावी. पसारा झाला म्हणून पहिल्याच दिवशी रागे भरलात, तर दुसऱ्या दिवशी पसारा होणार नाही आणि खेळही होणार नाही.

तेव्हा या आठवड्यात कंदील उतरवाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा. काय ठेवायचे, काय टाकायचे, ते त्यांच्याबरोबर ठरवा. खोके भरले की दोरीने बांधा आणि झाकणावर "मे महिना" असे मुलाकडूनच लिहून घ्या. 'महिना'ची वेलांटी चुकली तर पुसू नका. मग ते खोके माळ्यावर टाका आणि विसरून जा. मुले विसरणार नाहीत. मार्गशीर्षात एकदा, होळीला एकदा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास विचारतील, "आई, आपलं ते खोकं आहे ना गं अजून?" आपण म्हणावे, "आहे तर!"

सर्व वाचक कुटुंबांना ही दिवाळी आणि तिच्यामागून येणारा उन्हाळा, दोन्ही सुखाचे जावोत.